आजोळचा व्हॉल्व्ह रेडिओ: घरघर, जळका वास आणि मुकी मीडियम वेव्ह

माळ्यावरचा (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, राजापूरजवळचं आजोळचं घर या मे महिन्यात रिकामं केलं. भांडीकुंडी वाटली गेली, पाट आणि विळ्या मामेबहिणींनी नेल्या, माझ्या वाट्याला माळ्यावरचा रेडिओ आला. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी मागितलाच नाही. कराडपर्यंत मागच्या सीटवर पट्टा लावून आणला.

लाकडी पेटी, पुढे काच. तीन बँड: एक मीडियम, दोन शॉर्ट. काचेवर मीटरचे आकडे. कंपनीचं नाव पुढून गळून पडलंय आणि मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय, त्यामुळे मॉडेल कुठलं ते कळायला मार्ग नाही. आत सहा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) आहेत: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याचा (केंद्र नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा दिवा) ईएम ८१. पेटीतच पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक सापडलं, त्यावर पहिला शिक्का १९६४ चा.

आजोबांच्या शेवटच्या वर्षांत त्यावर फक्त सिलोन लागायचं. ते म्हणायचे, "मुंबईनं माझ्याशी बोलणं टाकलंय." रत्नागिरी केंद्र ऐकायला संध्याकाळी शेजारच्यांच्या ट्रान्झिस्टरपाशी जाऊन बसायचे. तालुक्याच्या एका मेकॅनिकनं ईसीएच ८१ व्हॉल्व्ह गेलाय म्हणून नवा घातला आणि जुना खोक्यात घालून परत दिला, तो खोकाही आहे. मग टीव्ही आला आणि रेडिओ माळ्यावर गेला.

आता मुद्द्याचं. काल मी तो सरळ प्लगात घातला. (हो, माहीत आहे.) अर्ध्या मिनिटानं घरघर सुरू झाली, पिठाची गिरणी लागावी तशी. दोन मिनिटांत एका व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा मधोमध लाल दिसायला लागला आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला. घाबरून बंद केला. मला मल्टिमीटर धरता येतो, सोल्डरिंग बरं जमतं, बाकी अंधार. पुढे काय करू?

शिशाची तार (रविवार, रात्री ११:०५)

पुन्हा प्लगात घालू नका. लाल झालेला व्हॉल्व्ह ईएल ८४ असणार, तुम्ही दोन मिनिटांत बंद केलात म्हणून वाचला असेल. आणखी पाच मिनिटं गेली असती तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि तो बाजारात मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो.

आधी एक सांगा. चेसिसवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) मोठा, जड मेन ट्रान्सफॉर्मर आहे ना?

कोकणी काजू (रविवार, रात्री ११:२०)

आतलं सगळं काढून टाका, ब्लूटूथचा स्पीकर बसवा, पाचशे रुपयांत काम. पेटी शोभेला छान दिसेल.

शिशाची तार (रविवार, रात्री ११:२२)

काजूशेठ, तुमच्या आजीचा पाटा-वरवंटा फोडून त्यात मिक्सर बसवलात की कळवा.

नेकारकाठ (सोमवार, पहाटे ३:१५)

इकडे श्टुटगार्टला रविवारच्या बाजारात असे रेडिओ चिक्कार मिळतात, त्यामुळे थोडा हात बसलाय. मॉडेल माहीत नसलं तरी फार अडत नाही. व्हॉल्व्हची नावं युरोपियन पद्धतीची आहेत आणि ती वाचता येतात. पहिलं अक्षर फिलामेंटचं (आतल्या तापणाऱ्या तारेचं): ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. सी ट्रायोड, एच हेप्टोड, बी दोन डायोड, एफ पेंटोड, एल आउटपुटचा पेंटोड, एम डोळा, झेड दोन्ही बाजूंनी चालणारा रेक्टिफायर. म्हणजे ईसीएच ८१ हा मिक्सर आणि ऑसिलेटर (रेडिओतच एक लहर तयार करून केंद्राच्या लहरीत मिसळणारा), ईबीएफ ८९ आयएफ (मिसळून आलेली लहर वाढवणारा), ईबीसी ८१ डिटेक्टर (लहरीतून आवाज वेगळा काढणारा) आणि आवाजाची पहिली वाढ, ईएल ८४ स्पीकरमागचा पैलवान. नकाशा न बघता अर्धा रेडिओ समजला.

पहिलं अक्षर यू असतं, यूसीएच किंवा यूएल वगैरे, तर गोष्ट वेगळी होती. यू म्हणजे १०० मिलिॲम्पिअरचे फिलामेंट एकामागे एक ओवलेले, मेन ट्रान्सफॉर्मर नाही आणि चेसिस थेट लाइनला.

शिशाची तार (सोमवार, सकाळी ७:३०)

बरोबर. म्हणूनच ट्रान्सफॉर्मरचं विचारलं. काही शहरांत पूर्वी डीसी पुरवठा होता, तिथे ते एसी-डीसी सेट चालत. प्लग उलटा लागला की चेसिसवर २३० व्होल्ट. त्या सेटच्या नॉबच्या स्क्रूवर मेण भरलेलं असे ते उगाच नाही. कुणाकडे यू मालिकेचा सेट असेल तर या धाग्यावरचं वाचून त्याला हात घालू नका.

माळ्यावरचा (सोमवार, रात्री ९:१०)

ट्रान्सफॉर्मर आहे, चांगला दोन किलोचा. मागे व्होल्टेजची चकती आहे, ती २२० वर.

काजू, तुमची सूचना बायकोला आवडली आहे. मला नाही.

शिशाची तार (सोमवार, रात्री ९:४५)

मग आता नीट वाचा.

एक सिरीज बोर्ड बनवा: लाइनच्या एका तारेत ६० वॅटचा दिवा ओवायचा आणि पुढे सॉकेट. दिवा जुना तारेचा हवा, एलईडी चालत नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि रेडिओ वाचतो. कापडी वायरचं रबर आत भुगा झालेलं असतं, ती आधी बदला. पहिल्यांदा लावताना ईझेड ८० काढून ठेवा. तो नसला की एचटी (व्हॉल्व्हना लागणारा मोठा डीसी दाब) तयार होत नाही, नुसते फिलामेंट पेटतात. दिवा मंद राहिला तर मेन ट्रान्सफॉर्मर ठीक.

आणि एचटी म्हणजे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये राहतो. एक किलो-ओहम, पाच वॅटचा रेझिस्टन्स दोन वायरींना जोडून ठेवा, प्रत्येक वेळी आधी त्यानं खाली करायचा, मग मीटर लावून शून्य बघायचं, मगच बोट. चालू सेटमध्ये मोजताना डावा हात खिशात. माझ्या उस्तादांनी खिसा शिवलेल्या पॅन्टीत दुकानात येऊ दिलं नव्हतं.

माळ्यावरचा (बुधवार, रात्री १०:००)

वायर बदलली. ईझेड ८० काढून सिरीज दिव्यावर लावला: दिवा अगदी तांबूस, पाचही व्हॉल्व्ह मिणमिणले. सरळ लाइनवर घेतल्यावर फिलामेंटला ६.९ व्होल्ट एसी येतात. घरात लाइन २४४ आहे.

शिशाची तार (बुधवार, रात्री १०:२०)

जास्त आहेत. चकतीवर २४५ ची खूण असेल, तिथे न्या. साठ वर्षांपूर्वीची लाइन आणि आजची लाइन एक नाही.

आता ईझेड ८० घाला, थेट लाइनवर, पण पंधरा-वीस सेकंदांत दोनच आकडे घ्यायचे. ईएल ८४ ची पिन २ आणि पिन ३, दोन्ही चेसिसच्या हिशोबात. पिना खालून मोजायच्या, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेनं. पिन २ ग्रिड, म्हणजे करंट कमीजास्त करणारी जाळी. पिन ३ कॅथोड, जिथून इलेक्ट्रॉन निघतात.

माळ्यावरचा (गुरुवार, रात्री ९:३०)

चकतीवर २४५ आहे, तिथे आणली. फिलामेंट ६.२ झाला.

पिन २ वर अधिक १४ व्होल्ट. पिन ३ वर १७. कॅथोडचा रेझिस्टन्स १८० ओहम आहे.

अवनी_नाशिक (गुरुवार, रात्री १०:१५)

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हॉल्व्ह आम्हाला अर्ध्या तासात उरकले होते. पण गणित तर सरळ आहे. १७ भागिले १८० म्हणजे ९४ मिलिॲम्पिअर! तक्त्यात ईएल ८४ चे ४८ अधिक साडेपाच दिलेत. जवळजवळ दुप्पट. अ‍ॅनोडला (तोच तो काळा पत्रा) १२ वॅट झेपतात, इथे सतरा-अठरा तरी जात असतील. लाल होणारच. पण ग्रिडवर अधिक १४ कुठून आले, काका? तिथे शून्य हवं ना?

शिशाची तार (गुरुवार, रात्री १०:४०)

शाबास. तिथे शून्यच हवं. ईबीसी ८१ च्या अ‍ॅनोडवरून ईएल ८४ च्या ग्रिडला एक ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जातो. त्याचं काम आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. हे जुने कागदी कंडेन्सर ओल धरतात, कोकणात तर चार पावसाळ्यांत, मग डीसी झिरपतो आणि ग्रिड वर उचलला जातो. व्हॉल्व्ह बिचारा सांगितलेलं काम करतोय.

माळ्यावरचे, त्याचं ग्रिडकडचं एक टोक सोडवा आणि पुन्हा पिन २ मोजा. शून्य झालं तर कंडेन्सर चोर. नाही झालं, अधिकच राहिलं, तर व्हॉल्व्हमध्येच गॅस आहे.

माळ्यावरचा (शुक्रवार, रात्री ९:५०)

टोक सोडवलं, पिन २ शून्य. पिन ३ वर ८ व्होल्ट. पत्रा काळाच राहिला!

पण एक कोडं आहे. काढलेला कंडेन्सर मल्टिमीटरवर चांगला दाखवतो. २ मेगच्या रेंजवर नुसता १, म्हणजे ओपन.

अवनी_नाशिक (शुक्रवार, रात्री १०:०५)

मी करून बघते. ग्रिडवरून चेसिसला रेझिस्टन्स किती आहे?

माळ्यावरचा (शुक्रवार, रात्री १०:१२)

६८० किलो. ईबीसी ८१ च्या अ‍ॅनोडवर ९० व्होल्ट.

अवनी_नाशिक (शुक्रवार, रात्री १०:३०)

मग ६८० किलोवर १४ व्होल्ट म्हणजे साधारण २० मायक्रोॲम्पिअर. तेवढाच करंट कंडेन्सरमधून येतोय आणि त्यावर ९० वजा १४, म्हणजे ७६ व्होल्ट आहेत. भागाकार केला की ३.७ मेगओहम. २ मेगच्या रेंजवर ते दिसणारच नाहीत! आणि मीटरच्या आत बॅटरीचे दोन-तीन व्होल्ट, तेवढ्यावर गळती आणखी कमी दिसणार. पावणेचार मेगच्या गळतीनं अख्खा रेडिओ जाळायला काढला होता.

शिशाची तार (शुक्रवार, रात्री १०:४५)

पोरी, तू दुकानात असतीस तर मला दुपारी झोपायला मिळालं असतं.

०.०१, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर टाका. चहाच्या किमतीत येतो. तसेच डांबरी दिसणारे सगळे कागदी कंडेन्सर एकेक करून बदला. एकेक. एक काढा, एक लावा, चालू करून बघा, मग दुसरा. एका रात्रीत वीस बदलून "आता अजिबातच वाजत नाही" म्हणत येणाऱ्या लोकांवर माझं घर चाललं.

नेकारकाठ (शनिवार, पहाटे २:५०)

इथले काही हौशी लोक जुना कंडेन्सर गरम करून आतला गाभा काढतात, रिकाम्या नळीत नवा बसवतात आणि वरून मेण ओततात. खालून बघितलं तरी १९६४ चाच वाटतो.

शिशाची तार (शनिवार, सकाळी ७:१५)

खालून कोण बघतंय? पाल?

नेकारकाठ (शनिवार, दुपारी १:३०)

काका, मी बघतो. दर रविवारी. :)

ठाणे लोकल (शनिवार, दुपारी २:००)

वाचतोय, धागा मस्त चाललाय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). अवांतर: लॅमिंग्टन रोडला ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक मिळाले, पण दुकानदार मला विचारत होता "कशाला लागतात हो हे?"

माळ्यावरचा (रविवार, रात्री ८:२०)

आठ कागदी कंडेन्सर बदलले, एकेक करून. पत्रा काळा, वास नाही. पण घरघर आहेच. आवाजाचा नॉब पूर्ण खाली केला तरी तेवढीच.

शिशाची तार (रविवार, रात्री ८:४०)

नॉबनं कमी होत नाही म्हणजे ती नॉबच्या पुढून किंवा एचटीतून येते. फिल्टर कंडेन्सरचा मोठा डबा, बहुतेक ५० अधिक ५० असेल, तो सुकलाय. ईझेड ८० दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय करतो, म्हणून घरघर १०० हर्ट्झची, जाड. चेसिसखाली ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन लावा. जास्त घातले तर आणखी गप्प होईल असं वाटेल, पण पहिल्या जागी ईझेड ८० ला ५० च्या वर झेपत नाहीत, व्हॉल्व्ह जाईल. जुना डबा वर शोभेला राहू द्या, पण त्याच्या तारा तोडा. समांतर ठेवून नवा लावणारे बहाद्दर पाहिलेत.

माळ्यावरचा (मंगळवार, रात्री १०:३०)

घरघर गेली! कान लावला तर बारीकशी. एचटी २५५, पिन ३ वर ८ व्होल्ट. मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला मोबाईल जोडला आणि आईला हाक मारली. तिनं दारातूनच विचारलं, "हा आवाज मामाच्या घरचा ना?" मोबाईलमधलंच गाणं होतं, पण पेटीतून आलं की वेगळं लागतं. खालचा सूर गोल, पोटातून आल्यासारखा.

डोळा मात्र खोली अंधारी केली तरच हिरवट दिसतो.

आणि खरी अडचण: मीडियम वेव्हवर एकही केंद्र नाही. इकडून तिकडे नुसती सूं. दिवसा शॉर्टवेव्हवरही काही नाही.

शिशाची तार (मंगळवार, रात्री १०:५०)

डोळ्यातलं फॉस्फर झिजलंय, त्याला औषध नाही. नवा मिळाला तर बघा, घाई नको.

आवाजाची बाजू पास झाली. आता पुढचा अर्धा भाग. आयएफटीच्या (आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या) स्क्रूंना हात लावायचा नाही. डब्यांवर भोकं दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. ते कारखान्यात लावलेले आहेत, आपोआप फिरत नाहीत.

आधी ऑसिलेटर चालतो का ते बघू. घरात ट्रान्झिस्टर आहे? कराडला सांगली केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ, खणखणीत लागत असेल. ट्रान्झिस्टर सांगलीवर ठेवून या रेडिओच्या शेजारी खेटून ठेवा. व्हॉल्व्ह रेडिओचा ऑसिलेटर काट्याच्या जागेपेक्षा सुमारे ४५५ किलोहर्ट्झनं वर चालतो. म्हणजे काटा ७९६ च्या आसपास आला की ऑसिलेटर १२५१ वर येतो आणि ट्रान्झिस्टरवर सांगलीच्या निवेदकाच्या अंगावर शिट्टी वाजते. शिट्टी आली तर ऑसिलेटर जिवंत.

माळ्यावरचा (मंगळवार, रात्री ११:०५)

काच मीटरमध्ये आहे. ७९६ म्हणजे?

अवनी_नाशिक (मंगळवार, रात्री ११:०८)

तीन लाख भागिले किलोहर्ट्झ. ३७७ मीटर.

(काय भारी चाचणी आहे ही! एका रेडिओनं दुसऱ्याची नाडी बघायची.)

माळ्यावरचा (बुधवार, रात्री ९:००)

३५० ते ४०० मीटरपर्यंत मुंगीच्या पावलानं नेला. सांगलीवर बाजारभाव चालू होते, ते शेवटपर्यंत स्वच्छ ऐकले. शिट्टी नाही.

ठाणे लोकल (बुधवार, रात्री ९:२०)

म्हणजे ईसीएच ८१ गेला. खोक्यातला जुना घालून बघा, नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत विचारा.

शिशाची तार (बुधवार, रात्री ९:४०)

थांबा. व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे निदान नव्हे. पिन ९ मोजा, ट्रायोडचा ग्रिड. ऑसिलेटर चालत असला की तिथे उणे पाच ते दहा व्होल्ट असतात. मीडियमवर मोजा, मग बँड बदलून शॉर्टवर मोजा.

माळ्यावरचा (बुधवार, रात्री १०:१०)

मीडियम: शून्य. शॉर्ट एक: उणे ६. शॉर्ट दोन: उणे ५.५.

जुना व्हॉल्व्ह घालूनही बघितलं. आकडे तेच, दशांशापर्यंत.

अवनी_नाशिक (बुधवार, रात्री १०:२५)

एक मिनिट. सगळ्यांनी पहिली पोस्ट परत वाचा. "फक्त सिलोन लागायचं." सिलोन शॉर्टवेव्हवर. मुंबई आणि रत्नागिरी मीडियमवर. आजोबा शेजारी जायचे ते गप्पा मारायला नाही, त्यांचा मीडियमचा ऑसिलेटर तेव्हाच बंद होता! व्हॉल्व्ह दोन्ही चांगले आहेत. जुनाही.

नेकारकाठ (गुरुवार, पहाटे १:४०)

आई गं. निदान चाळीस वर्षांपूर्वीच आजोबांनी करून ठेवलं होतं आणि आम्ही वरून वाचत गेलो.

शिशाची तार (गुरुवार, सकाळी ६:५०)

मान्य. मीही वाचलं नाही. त्या मेकॅनिकला बोलायचा हक्क आता मला नाही.

शॉर्टवर चालतो म्हणजे व्हॉल्व्ह, एचटी, रेझिस्टन्स सगळं ठीक. उरलं दोनच: बँड स्विचचा मीडियमचा कॉन्टॅक्ट किंवा मीडियमची ऑसिलेटर कॉइल. स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वीस वेळा फिरवा. पॉलिश पेपर लावू नका, चांदीचा मुलामा उडतो. नाही झालं तर कॉइलचा रेझिस्टन्स बघा. काही ओहम यायला हवेत.

माळ्यावरचा (शनिवार, रात्री ११:३०)

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण दोन रात्री गेल्यात.

स्विच पुसून फरक पडला नाही. स्विचच्या मागे बोटाएवढ्या नळीवर कॉइली आहेत. बाकीच्या दोन-पाच ओहम दाखवतात, एक मात्र ओपन. वरून काहीच दिसेना, तार शाबूत, मेण शाबूत. आईचं पोथी वाचायचं भिंग आणि मोबाईलची बॅटरी घेऊन बसलो. जिथे तार टॅगला येते तिथे सोल्डरच्या थेंबाशेजारी हिरवा ठिपका होता, मोहरीच्या निम्म्याएवढा. टाचणी लावली आणि तार हलली. सुटलेलीच होती, मेणानं जागेवर धरून ठेवली होती.

आईला दाखवलं तर म्हणाली, "कळकलीय की ही. कल्हई उडालेल्या पातेल्यासारखी." खारं वारं, दुसरं काय.

अर्धा वेढा उलगडला. तार केसाएवढी. ब्लेडनं खरवडताना पहिल्यांदा तुटली, आणखी थोडी उलगडली. दुसऱ्यांदा नख टेकवून, ब्लेड आडवं धरून, नुसतं पुसल्यासारखं केलं. जुन्या इअरफोनमधली एक बारीक तार जोड म्हणून घेतली, राळ लावली, टोकाला कथिल धरलं आणि टॅगला नेली. मीटर: ४.१ ओहम.

पिन ९, मीडियमवर: उणे ७.

शेजारी ट्रान्झिस्टर होताच. ३७७ मीटरजवळ गेलो आणि शिट्टी वाजली. इतकी कर्कश की वरच्या मजल्यावरून मुलगी खाली आली.

कोकणी काजू (रविवार, सकाळी ८:००)

ब्लूटूथची सूचना मागे घेतो.

अवनी_नाशिक (रविवार, सकाळी ८:१०)

केंद्र लागलं की नाही ते सांगा ना!!

माळ्यावरचा (रविवार, सकाळी ११:००)

लागली, पण आधी खरखर. स्वयंपाकघरातला एलईडी, फोनचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे रेडिओवर बोलत होते. घरातलं एकेक बंद करत गेलो. शेवटी मोडेम बंद केला तेव्हा मुलगी रुसली आणि सांगली लागलं. राजापूरहून आणलेल्या सामानात तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी होती, मी ती कुंड्यांना बांधायला ठेवली होती. भिंतीभर ताणली. रात्री नऊनंतर मुंबईचं ५५८ पण आलं, ५३८ मीटरच्या जरा पुढे.

शिशाची तार (रविवार, सकाळी ११:३०)

पुढे येणारच, अर्धा-पाऊण वेढा कमी केलात तुम्ही. लांब मीटरच्या टोकाला कॉइलचा कोर (आतला फिरणारा गाभा), जवळच्या टोकाला ट्रिमर (फिरवायचा छोटा कंडेन्सर). मुंबई ५५८ वर कोर पाव चक्कर आत, मग सांगली २४० मीटरवर ट्रिमर, मग परत मुंबई. तीन फेऱ्यांत बसेल. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या. नाहीतर सोडून द्या, काट्याच्या एवढ्याशा फरकानं बातम्या बदलत नाहीत.

खोक्यातला ईसीएच ८१ कुठला आहे?

माळ्यावरचा (रविवार, दुपारी १२:१५)

जुना परदेशी दिसतो, छाप पुसलीय. सॉकेटमध्ये मेकॅनिकनं घातलेला आहे, तो बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा.

शिशाची तार (रविवार, दुपारी १२:२०)

दोन्ही ठेवा. जुना परत सॉकेटमध्ये घाला, बंगळूरचा खोक्यात. तुमच्या मुलीला लागेल.

माळ्यावरचा (मंगळवार, रात्री १०:४५)

कोर आणि ट्रिमर झाला, मुंबई ५३८ वर बसली. आई काल रात्री एकटीच रेडिओसमोर बसली होती. मी विचारलं काय लागलंय, तर म्हणाली, "काही नाही, मुंबई." आवाज इतका बारीक ठेवला होता की मला दारातून ऐकू येत नव्हता.

एक राहिलंय. चार नॉबपैकी ट्यूनिंगचा नाही, त्या जागी मी सध्या पक्कड वापरतोय. साय रंगाचा, मध्ये पितळी बिल्ला, दांडी ६ मिलिमीटर. कुणाकडे आहे का?

ठाणे लोकल (मंगळवार, रात्री ११:००)

उरलेल्या तिघांचा फोटो टाका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. उद्या बुधवार, कामानिमित्त पुण्यात आहे, जुन्या बाजारात चक्कर टाकतो.